बरं म्हणजे किती बरं?

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात काम करणाऱ्या काही सिस्टर दर शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे मराठी शिकायला बसतात. त्यांच्या वसतिगृहाच्या जेवणघरात ताटं उचलून, टेबल पुसून झालं की आमचा वर्ग सुरू होतो. बहुतेक जणी केरळच्या, एक मणिपूरची, एक रांचीची. व्याकरणाचं पुस्तक त्यांना नको असतं. ‘आज वॉर्डात हे ऐकलं, याचा अर्थ काय?’ एवढंच हवं असतं, आणि मलाही तेच शिकवायला आवडतं.

मध्यंतरी त्यांच्यातली सगळ्यात धाकटी वहीत एकच शब्द लिहून आली. ‘बरं’. त्याच्याखाली दोन रेघा.

झालं होतं असं. पोटाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा, साताऱ्याकडचे. दुखणं मोजायची रुग्णालयांत एक पद्धत असते. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही; यातला एक आकडा रुग्णाने सांगायचा. हिने विचारलं, "आजोबा, किती दुखतंय?" आजोबा म्हणाले, "बरंय, सिस्टर." बरं म्हणजे चांगलं, हे ती शिकलेली. ती पुढच्या खाटेकडे वळली. दोन पावलं गेल्यावर सहज मागे पाहिलं, तर आजोबांनी खाटेची कड घट्ट धरलेली, बोटांची टोकं पांढरी पडलेली. तिने परत येऊन विचारलं, "खूप दुखतंय का?" आजोबा म्हणाले, "दुखतंय की. पण बरंय."

"टीचर, दुखतंय आणि बरंय, दोन्ही एकदम कसं?"

मी तिला सांगितलं की आजोबा खोटं बोलले नाहीत आणि तू अर्थही चुकीचा शिकली नव्हतीस. आजोबांना म्हणायचं होतं, ‘सोसवतंय, एवढं मी पत्करलंय.’ यासाठी मराठीत ‘बरं’हून नेमका शब्द नाही. पण मग बरं म्हणजे चांगलं हेही खरं, आणि बरं म्हणजे सोसण्याजोगं हेही खरं. एवढ्यावर ती थांबणार नव्हती आणि मलाही थांबता येईना. पुढचे चार-पाच शनिवार आम्ही या एकाच शब्दामागे घालवले. त्या शनिवारांमधलं हे सगळं आहे.

सुरुवात मी तीन वाक्यांनी केली. जेवणघरातल्या फळ्यावर लिहिलं: तो बरा आहे. त्याला बरं आहे. त्याचं बरं आहे.

शब्द एकच, फरक फक्त ‘तो’, ‘त्याला’, ‘त्याचं’ एवढाच. पण तीन वाक्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ‘त्याला बरं आहे’ हे वाक्य शरीराबद्दल बोलतं: ताप उतरला, अंगात तरतरी आली. म्हणूनच ‘त्याला बरं नाही’ म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, काय होतंय? ‘तो बरा आहे’ मात्र माणसाबद्दलचं मत आहे. आजारातून उठलेल्याबद्दल म्हटलं तर ‘आता ठीक झालाय’, लग्नाच्या स्थळाबद्दल म्हटलं तर ‘नाकीडोळी चालेल, नोकरी आहे’, शेजाऱ्याबद्दल म्हटलं तर ‘सज्जन आहे, त्रास नाही’. आणि नकार दिला की भलताच अर्थ. ‘त्याला बरं नाही’ म्हणजे भेटायला जा. ‘तो बरा नाही’ म्हणजे त्याच्या वाऱ्याला उभं राहू नकोस. एका ‘ला’ने तापाचं चारित्र्य होतं. वॉर्डात काम करणाऱ्या माणसाला हा फरक आलाच पाहिजे, म्हणून हा मी त्यांच्याकडून दहा-दहा वेळा म्हणून घेतला.

तिसरं वाक्य मुंबईचं लाडकं आहे. ‘त्याचं बरं आहे’, बोलताना ‘त्याचं बरंय’. ‘तुझं बरंय बाई, उतरलीस की घर.’ विरारहून किंवा बदलापूरहून रोज येणारी बाई दादरला राहणाऱ्या मैत्रिणीला हे म्हणते तेव्हा त्यात मैत्रिणीच्या तब्येतीचा काही संबंध नसतो. तिच्या वाट्याला जे आलं ते माझ्या वाट्याला आलं नाही, असा तो उसासा. हेवा असलाच तर तोंडावर बोलून दाखवण्याइतका निर्मळ. ज्याच्याबद्दल खरोखर पोटात दुखतं त्याला कुणी ‘तुझं बरंय’ म्हणत नाही.

आजारपणाच्या बाबतीत थोडं अधिक थांबते, कारण इथे मराठीने फार बारकाईने काम केलेलं आहे. औषधाला ‘गुण येतो’. तापाला ‘उतार पडतो’. दुखण्याला ‘आराम पडतो’. आणि माणूस ‘बरा होतो’. म्हणजे औषधाचं श्रेय निराळं, दुखण्याचं मागे हटणं निराळं, आणि माणसाचं पूर्ववत होणं निराळं. गुण आला तरी माणूस बरा झालेला नसू शकतो. ‘बरं वाटतंय’ आणि ‘बरा झालो’ यांतही अंतर आहे: पहिलं त्या घटकेपुरतं, दुसरं निकालाचं. सिस्टरांना मी सांगितलं, रुग्ण नुसतं ‘बरंय’ म्हणाला तर तिथे सोडू नका, त्याला मोजपट्टी द्या. ‘कालच्यापेक्षा बरं आहे का?’ ‘झोप लागेल इतपत बरं आहे का?’ ‘कूस बदलता येते का?’ मराठी माणूस शून्य ते दहामधला आकडा सांगायला अडखळतो, पण कालच्याशी तुलना विचारली की लगेच नीट उत्तर देतो. कारण ‘बरं’ हा शब्द आतून तुलनेचाच आहे. कशाच्या तरी पुढे ठेवल्याशिवाय तो पुरता उलगडत नाही.

असं का, हे पाहायला थोडं मागे जावं लागतं.

‘बरा’ची व्युत्पत्ती सांगताना नेहमी संस्कृत ‘वर’कडे बोट दाखवलं जातं. ‘वर’ म्हणजे निवडलेलं, पसंत केलेलं, आणि म्हणून श्रेष्ठ. देवाकडे मागून घेतलेला तो वर, मुलीने पसंत केलेला तोही वर. धातू ‘वृ’, निवडणे. जुन्या मराठीत ‘बरा’चं एक भावंड फार दिमाखात वावरतं: ‘बरवा’. ज्ञानेश्वरी लिहून झाली ती १२९० साली असं परंपरा सांगते, आणि तिच्यात ‘बरवा’, ‘बरवे’ पदोपदी भेटतात, सुंदर, उत्तम, नीट अशा अर्थांनी. वारकरी भजनाला ज्या रूपाच्या अभंगाने सुरुवात होते त्यात विठ्ठल ‘बरवा’ आहे. तिथे बरवा म्हणजे ‘ठीक आहे’ असं कुणाच्या मनातही येणार नाही. डोळ्यांचं पारणं फिटावं असं रूप, तो बरवा.

आणि आज? सिनेमा कसा होता? बरा होता. म्हणजे पैसे अगदीच वाया गेले नाहीत.

शब्दांच्या बाबतीत ही उतरण नवी नाही. भाषेचा अभ्यास करणारे याला अर्थापकर्ष म्हणतात: शब्दाचा दर्जा हळूहळू खाली येतो. वरच्या दिशेने जाणं म्हणजे अर्थोत्कर्ष. याचं ठळक उदाहरण इंग्रजीत आहे. तिथला ‘नाइस’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘काही न जाणणारा’ अशा अर्थाच्या शब्दापासून आला. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख, खुळा असा होता. मग चोखंदळ, मग बारीक, नेमका, असं करत करत अठराव्या शतकात तो आजच्या ‘छान’पर्यंत पोचला. म्हणजे इंग्रजांचा शब्द मूर्खपणापासून चढत चांगुलपणाकडे गेला आणि आपला श्रेष्ठतेपासून उतरत ‘चालेल’कडे आला. दोघं वाटेत कुठेतरी एकमेकांना भेटले असावेत असं मला नेहमी वाटतं.

पण ‘बरा’ खाली उतरला हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मला पुस्तकातून नाही, घरात कळलं.

माझं माहेर पुण्याचं, सासर लालबागचं, मूळ मालवणचं. लग्नानंतर पहिल्यांदा मी एकटीने स्वयंपाक केला त्या दिवशी सासूबाईंनी आमटीचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "बरी झाली हा." मी ताटावरून उठेपर्यंत गप्प होते. आमच्याकडे ‘बरी झालीय’ याचा अर्थ, मीठ पडलंय, खाता येईल, पुढच्या वेळी बघू. दोन दिवस मी ते मनात ठेवून होते. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना सासूबाई कौतुकाने सांगताना ऐकलं, सून किती ‘बरी’ मिळाली ते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून माझ्या लक्षात आलं की त्यांच्या बोलीतला हा शब्द खाली उतरलेलाच नाही. मालवणीत आणि कोकणीत बरा, बरो, बरी म्हणजे चांगला, पुरेपूर चांगला. ‘बरो आसंय’ म्हणणारा मनुष्य कुरकुरत नसतो, तो मजेत असतो. गोव्याच्या कोकणीत आभार मानायचे तर ‘देव बरें करूं’ म्हणतात: देव तुझं भलं करो. तिथे ‘बरें’ म्हणजे ‘जेमतेम’ असतं तर तो आशीर्वाद कुणी दिलाच नसता.

मुंबईत ही दोन ‘बरं’ एकाच चाळीत राहायला आली. गिरण्यांनी माणसं ओढली ती एकीकडे कोकणातून, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून (सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला तो १९८१ साली), आणि दुसरीकडे घाटावरून, सातारा-पुण्याकडून. लालबाग, परळ, गिरगावच्या चाळींत भिंतीला भिंत लागून एकीकडे ज्ञानेश्वरांच्या काळच्या दिमाखाचा थोडा अंश राखून असलेला ‘बरो’, आणि पलीकडे घाटावरचा मोजूनमापून बोलणारा ‘बरा’. गैरसमज किती झाले असतील! आणि किती आमट्या उगाच परत फोडणीला टाकल्या गेल्या असतील. आजही मुंबईत कुणी ‘बरं आहे’ म्हणालं की मी आधी बोलणाऱ्याचा हेल ऐकते.

इथे माझं मत सांगते. ‘बरं’च्या सगळ्या अर्थांखाली एकच धागा आहे आणि तो ‘चांगलं’ हा नाही. तो आहे ‘पत्करलं’. निवडून घेतलेलं ते वर. आणि निवडलं म्हणजे पत्करलं. शरीर पत्करण्याजोगं झालं की माणूस बरा. वागणं चारचौघांनी पत्करावं असं असलं की ते ‘बरं दिसतं’. नाहीतर ‘रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही’. दोन गोष्टींपैकी जी पत्करायची ती ‘बरी’: ‘या गर्दीत चढण्यापेक्षा पुढची गाडी बरी.’ समोरच्याचं म्हणणं पत्करलं की ‘बरं’. कोकणातला माणूस मनापासून पत्करतो, घाटावरचा नाइलाजाने पत्करतो, पण पत्करतात दोघं. आजोबांनी दुखणं पत्करलं होतं.

हा धागा हातात आला की संवादातलं ‘बरं’ही सोपं होतं, आणि खरी गंमत तिथे आहे.

एका संध्याकाळी दादरहून लोकलने जात होते. बायकांच्या डब्यात शेजारी बसलेल्या बाईंना फोन आला. पलीकडचं मला काही ऐकू येत नव्हतं. अलीकडचं सगळं असं:

"हां, बोल. … बरं. … बरं. … बऽरं? … अगं बाई! बरं मग? … बरं झालं. … हं, बरं बरं. … बरं, ते जाऊ दे, गोळ्या घेतल्यास? … असं करू नये, बरं दिसत नाही, एकदा जाऊन ये. … बरं. … बराय, ठेवते. रात्री फोन कर बरं का."

हा संवाद मी त्याच रात्री लिहून काढला आणि पुढच्या शनिवारी फळ्यावर मांडला. सिस्टरांना वाटलं मी काहीतरी गाळलं आहे. काहीच गळालेलं नव्हतं. डब्यातल्या आम्हा सगळ्यांना कळलं होतं की पलीकडे एखादी मुलगी किंवा बहीण आहे, तिने काहीतरी घडलेलं सांगितलं, मध्येच ते अनपेक्षित वळलं, मग सुटकेचा निःश्वास, मग कुणाकडे तरी जाण्यावरून कुरकुर.

पहिली दोन ‘बरं’ छोटी आणि सपाट: ऐकतेय, इथवरचं कळलं, पुढे बोल. तिसऱ्यात ‘ब’ लांबला आणि शेवटी आवाज चढला: हे मला माहीत नव्हतं. ‘बरं मग?’ म्हणजे पुढे काय झालं ते लवकर सांग. ‘बरं बरं’ असं दोनदा घाईने म्हटलं की समजूत काढणं किंवा विषय आवरता घेणं. मग ‘बरं’ म्हणून एक क्षण थांबून नवा विषय, म्हणजे आतापर्यंतचं पत्करलं, आता ते बाजूला ठेवू. शेवटी ‘बराय’. हा मुळात ‘बरं आहे’ इतकाच आहे, पण त्याने दार लागतं. मराठीत ‘जाते’ म्हणून निरोप घेणं अशुभ मानतात, म्हणून ‘येते’ म्हणतात, आणि ‘येते’च्या आधी ‘बराय’ येतं. ‘बराय, येते मग.’ दोघांमधलं बोलणं दोघांनीही पत्करलं, आता उठायला हरकत नाही.

शाळेच्या व्याकरणात ‘बराय’ला संमतिदर्शक केवलप्रयोगी अव्यय म्हणतात, आणि ‘बरं का’सारख्यांना पादपूरणार्थक, पालुपद. पादपूरणार्थक म्हणजे नुसती जागा भरणारं. हे मला मान्य नाही. ‘रात्री फोन कर’ आणि ‘रात्री फोन कर बरं का’ ही दोन वाक्यं सारखी नाहीत. पहिलं सांगणं आहे, दुसऱ्यात हात धरलेला आहे. ‘पडशील’ हे भाकीत झालं. ‘पडशील बरं’ ही आईची हाक झाली. समोरच्याने ते पत्करावं म्हणून बोलणारा वाक्याच्या शेवटी ‘बरं’ ठेवतो, त्याच्या तळहातावर ठेवल्यासारखं. जे शब्द काढल्यावर माया निघून जाते त्यांना जागा भरणारे कसं म्हणायचं?

प्रश्नातलं ‘बरं’ही असंच हळुवार. ‘का?’ हा प्रश्न अंगावर येतो. ‘का बरं?’ विचारलं की त्याची धार जाते. उत्तर द्यायचं की नाही ते तुझ्याकडे, असं त्यात येतं. घरात एकट्याने बडबडताना, ‘कुठे बरं ठेवला मी पास?’ म्हणजे आठवणीला विनवणी. मुलांशी खेळताना, ‘कोण बरं लपलंय इथे?’ आणि सगळ्यात सुरेख, ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाही तेव्हा: ‘काय बरं नाव तुमचं?’ नुसतं ‘काय नाव तुमचं?’ विचारलं तर आपण अनोळखी आहोत असं होतं. ‘बरं’ घातलं की, नाव मला माहीत होतं, दोष माझ्या आठवणीचा, असं सांगून होतं. सिस्टरांना हे एकदम पटलं. वॉर्डात पुन्हा भरती झालेल्या रुग्णाला त्या आता असंच विचारतात.

तुलनेच्या ‘बरं’बद्दल वर एका वाक्यात लिहून गेले, पण त्याचं एक रूप मुंबईने जिवाशी धरलेलं आहे: ‘तरी बरं’. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. गाड्या बंद, फोन बंद, माणसं रात्रभर पाण्यातून चालत घरी निघालेली. त्या रात्रीच्या जेवढ्या हकिकती मी ऐकल्या त्या प्रत्येकीत कुठे ना कुठे हे दोन शब्द आहेतच. ‘तरी बरं, चपला हातात घेतल्या होत्या.’ ‘तरी बरं, एका घरात रात्री आत घेतलं.’ ‘तरी बरं, मुलं त्या दिवशी शाळेत गेली नव्हती.’ ‘तरी’ म्हणजे एवढं सगळं होऊनसुद्धा. संकट जसं आहे तसं मान्य करून त्यातली एक गोष्ट निवडून हातात घ्यायची, ती ‘बरं’. इतक्या पडझडीतही शब्द आपलं निवडण्याचं मूळ विसरलेला नाही.

‘बरं’ला काळोखी बाजूही आहे आणि ती सिस्टरांपासून लपवून चाललं नसतं. ‘त्याचं काही बरं-वाईट झालं तर?’ असं नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात, तेव्हा त्यात बरं काहीच नसतं. मृत्यूचं नाव घ्यायचं नाही म्हणून वाईटाच्या आधी बरं ठेवलेलं असतं, जखमेवर आधी फडकं ठेवावं तसं. ‘जिवाचं बरं-वाईट करून घेईल’ हे वाक्य कानावर आलं तर ते ताबडतोब डॉक्टरांना सांगायचं, हे मी त्यांच्या वह्यांत मोठ्या अक्षरांत लिहायला लावलं. ‘बऱ्या बोलाने ऐक’ ही धमकी आहे; बरे बोल संपले की काय होणार ते न सांगता सांगितलेलं. ‘बरा सापडलास!’, ‘आज बरी आठवण आली!’ यांत राग किंवा रुसवा असतो, आणि इथेही हेलच अर्थ ठरवतो. मनापासून म्हटलं तर आठवण आल्याचा आनंदच असतो.

‘बराच’ आणि ‘बरेच’ यांना फार वेळ द्यावा लागला नाही. पुरेसं, पत्करण्याजोगं, म्हणून ‘पुष्कळ’. ‘बराच उशीर झाला’ म्हणताना उशिरात चांगलं काही नसतं, फक्त माप असतं. ‘बऱ्यापैकी’ त्याच्या थोडं अलीकडे. आणि ‘बरोबर’ मात्र या घरातला नाही, तो फारसी ‘बराबर’वरून आलेला पाहुणा; चेहरा मिळतो म्हणून लोक भावंडं समजतात. लिहिण्याची अडचणही सिस्टरांनी काढली: पुस्तकात ‘बरे’, बोलण्यात ‘बरं’, आणि जुन्या छापील पानांवर ‘बरें’. उच्चारात नसलेले अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढून टाकले, तेव्हा ‘बरें’चा ‘बरे’ झाला. तोंडातलं ‘बरं’ मात्र जिथल्या तिथे राहिलं.

आता फोनवर टाइप करताना संमतीची जागा ‘ओके’ने घेतली आहे. मुंबईत तर बोलतानाही. त्यामुळे तरुण मुलांना कुणी उत्तरादाखल नुसतं ‘बरं’ लिहून पाठवलं की ती घाबरतात: चिडली का? मला यात शब्दाचा दोष दिसत नाही. ‘बरं’चा अर्थ नेहमीच हेलात होता आणि पडद्यावर हेल पोचत नाही. मी स्वतः अजून ‘बरं’च लिहिते, पण त्याच्यापुढे आणखी दोन शब्द घालते. ‘बरं, ये सावकाश.’ ‘बरं गं, कळलं.’

मागच्या शनिवारी मी गृहपाठ दिला होता, आठवड्यात ऐकलेलं एक ‘बरं’ आणायचं. मणिपूरच्या मुलीने बेस्टच्या बसमधलं आणलं. दारात माणसं अडकलेली, एक म्हातारी खालून चढू पाहते आहे, आणि कंडक्टर म्हणाला, "बरं, आता जरा पुढे चला बरं."

तिने विचारलं, "टीचर, पहिलं का आणि दुसरं का?"

मी उत्तर दिलं नाही, त्यांनाच सोडवू दिलं. रांचीची म्हणाली, पहिलं म्हणजे इतका वेळ उभे राहिलात ते झालं. केरळच्या दोघींचं म्हणणं, नाही, पहिलं म्हणजे सगळ्यांनी माझ्याकडे लक्ष द्या. दुसऱ्याबद्दल मात्र एकमत झालं: ते नसतं तर तो ओरडला असं वाटलं असतं, ते होतं म्हणून लोक सरकले. मग सगळ्यात धाकटी, जिने आजोबांचं ‘बरंय’ आणलं होतं ती, उठून फळ्याजवळ गेली आणि तिने कंडक्टरचं वाक्य तीन वेळा म्हणून दाखवलं, एकदा चिडून, एकदा दमून आणि एकदा त्या म्हातारीकडे पाहत. तिसऱ्या वेळी तिचा ‘बरं’ इतका मऊ आला की मणिपूरची म्हणाली, "हां, असंच. असंच म्हणाला होता."